स्वस्त मांसाची महाग आठवण

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर तासभर उभं राहिलं की आधी काय संपतं ते कळतं. एकेकाळी मांडी आणि चाप आधी संपायचे. मुंडी, पाय, वजरी दुपारपर्यंत पडून असायची आणि दुकान बंद करताना येईल त्या पैशाला जायची. आता नऊच्या सुमारास कुणी कलेजी मागितली तर ‘ताई, काल सांगून ठेवायचं ना’ असं उत्तर मिळतं. पाय तर गिऱ्हाइकाच्या नजरेलाच पडत नाहीत, कारण कुठल्या तरी खानावळीने ते आधीच बोलून ठेवलेले असतात. रांगेत मागे कुणीतरी हटकून म्हणतो, ‘आमच्या लहानपणी मुंडी फुकटात मिळायची हो.’ आणि रांग माना डोलावते.

या अंकासाठी संपादकांनी ‘हरवलेल्या चवी’ हे सूत्र दिलं. त्यावर आजीच्या चुलीपासून सुरुवात करून डोळे ओले होईपर्यंत लिहिता येतं, आणि तसं लिहिणाऱ्यांची मराठीत कधी टंचाई नव्हती. पण दुकानासमोरचं दृश्य या सूत्राशी जुळत नाही. वजरी हरवलेली नाही, पाया हरवलेला नाही, कोल्हापूरची रक्ती-मुंडी हरवलेली नाही. हरवला आहे तो त्यांचा स्वस्तपणा, आणि लोक हळहळतात तेही बरंचसं त्याच्यासाठी. मग हा स्वस्तपणा आला कुठून, हे आधी पाहायला हवं. माझं म्हणणं असं की प्राण्याच्या अंगावरचा कुठलाही भाग जन्मतः स्वस्त नसतो. कुणी काय नाकारायचं, नाकारलेलं कुणी साफ करायचं आणि ते खाण्यावाचून कुणाला गत्यंतर नाही, हे ठरवणारी एक व्यवस्था त्याला स्वस्त करते. आठवणीत चव राहते आणि व्यवस्था गळून जाते. म्हणून एकाच पदार्थाची आठवण एकाला गोड लागते आणि दुसऱ्याला घशाखाली उतरत नाही.

वजरीला किती वेळ लागतो

आधी जवळून पाहू. बकऱ्याची वजरी म्हणजे पोट आणि आतडी. दुकानात ती बहुधा पोटातला चारा झाडून, एका पाण्याने विसळून मिळते. खरं काम घरी. पाणी कडकडीत तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. उकळत्या पाण्यात पडली तर वरचा काळपट थर सुटण्याऐवजी चिकटून बसतो. गरम पाण्यातून काढून सुरीच्या बोथट बाजूने किंवा चमच्याच्या कडेने तो थर खरवडायचा. काही घरांत त्याआधी चुना चोळतात. पोटाच्या एका कप्प्याला वहीच्या पानांसारखे पदर असतात, ते एकेक उलगडून धुवावे लागतात, नाहीतर चाऱ्याची कचकच तोंडात येते. आतडी नळाखाली धरून आतून पाणी सोडायचं, मग काडीवर उलटी करायची, पुन्हा धुवायची. त्यानंतर हळद-मीठ घालून एक उकळी आणि ते पाणी फेकून द्यायचं. इथवर दीड-दोन तास गेलेले असतात, हाताचा वास साबणाने जात नाही, आणि स्वयंपाक अजून सुरूही झालेला नसतो.

मुंडीचं काम वेगळं आणि ते बहुतेक ठिकाणी दुकानाबाहेरच होतं. बाजाराच्या कडेला कोळशाच्या भट्टीशी किंवा गॅसची बत्ती घेऊन बसलेला माणूस मुंडी आणि पाय भाजून देतो; नगावर पैसे घेतो. केस जळतात, कातडी सुरीने खरवडली जाते, गरम असतानाच खुरांची टरफलं हिसका देऊन उपटली जातात. मग सत्तूरने मुंडी फोडून भेजा वेगळा काढायचा, जीभ सोडवायची, नाकपुड्या साफ करायच्या. दिवसभर जळक्या केसांच्या धुरात बसणाऱ्या या माणसाचा धंदा खाटकाच्या धंद्याहून खालचा मानला जातो. खाटकाच्या नावाने दुकान ओळखलं जातं, भाजणाऱ्याला नाव नसतं.

आणि शिजवणं. जनावराचे जे अवयव राबतात, म्हणजे पाय, मान, गालफड, शेपूट, त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारी चिवट जाळी जास्त असते. मंद आचेवर तासन्‌तास ओलाव्यात ठेवली तरच ती विरघळते आणि रश्शाला तो ओठ चिकटवणारा दाटपणा येतो. मांडीचं कोवळं मटण त्या मानाने लवकर शिजतं. थोडक्यात, भारी भागात पैसा जातो आणि हलक्या भागात वेळ व जळण जातं. ज्या घरात बाईच्या वेळेला किंमत नाही आणि जळण गोळा करून आणता येतं, त्या घराला पाया स्वस्त पडतो. हिशेबाच्या वहीत तो स्वस्त दिसतो, कारण त्या वहीत बाईच्या रात्रीला रकानाच नसतो. प्रेशर कुकर आल्यावर रात्रभराचं काम तासा-दीड तासावर आलं, तरी खरवडणं कुठल्याही कुकरने कमी केलेलं नाही.

वाटा आणि काटा

स्वस्त भाग ही कल्पनाच मुळात दुकानाची आहे. गावात चार-सहा घरं मिळून धुळवडीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला किंवा आखाडात बकरं पाडतात, तेव्हा मांस काट्यावर तोलत नाहीत, वाटे घालतात. खाली पानं किंवा कागद अंथरून जितकी घरं तितके ढीग. प्रत्येक ढिगात थोडं मांडीचं, थोडं छातीचं, हाडं, काळजाचा एक तुकडा, वजरीचा एक तुकडा, चरबीची एक चिमूट. नजरेने कमी-जास्त करत ढीग सारखे होईतो माणसं हुज्जत घालतात. वाटे कुणाला कोणते यावरून तंटा नको म्हणून कुणाला तरी पाठमोरं उभं करून नावं पुकारायला लावण्याची रीतही आहे. मुंडी आणि पाय बहुधा वाट्याबाहेर असतात. ते कापणाऱ्याला, किंवा जत्रेचं बकरं असेल तर मानकऱ्याला. मुंडीच्या मानावरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद झाल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. ज्या मुंडीला शहरातलं दुकान शेवटी उरलेला माल म्हणायचं, तिच्यावरून गावात मानापमान घडत होते, हे विसरून चालणार नाही.

वाट्यात वजरीचा भाव आणि मांडीचा भाव एकच असतो, कारण भागांना भावच नसतो. शहरात, पगारावर जगणाऱ्या गिऱ्हाइकासमोर काटा आला आणि निवड आली. ‘मांडीचं द्या, चरबी नको, हाडं कमी घाला.’ या वाक्याने जे मागे उरलं ते हलकं झालं. खाटकाचं गणितही त्याभोवती बसलं. पंचवीस किलोच्या बकऱ्यातून अकरा-बारा किलो मटण निघतं. ते विकून बकऱ्याची खरेदी वसूल व्हायची, आणि मुंडी, पाय, वजरी, कातडं यांत दुकानदाराची मजुरी आणि नफा निघायचा. गेल्या काही वर्षांत शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याचे भाव कोसळले. ती खोट कुठून तरी भरून निघायला हवी, आणि पाया-मुंडीला गिऱ्हाईक असेल तर ती तिथूनच निघते. २०१९च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा चर्चा एका किलोच्या भावाची झाली. त्या किलोबाहेर राहणाऱ्या भागांचा भाव किती चढला हे कुणी विचारलं नाही, बहुधा आंदोलन करणाऱ्यांच्या ताटात ते रोज नसावेत.

वाटा म्हणजे समता, असं मात्र कुणी समजू नये. ढीग सारखे असायचे ते वर्तुळाच्या आत. वर्तुळाबाहेर कोण उभं होतं, त्याकडे पुढे येऊ.

एका डब्याच्या तीन आठवणी

व्यवस्था बदलली की तोच तुकडा स्वस्त किंवा मौल्यवान कसा होतो, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बकऱ्यात सापडत नाही. ते डबाबंद डुकराच्या मांसात सापडतं, कारण डबा जगभर एकसारखा असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचं गाव आहे. तिथल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली ‘स्पॅम’ बाजारात आणलं. डुकराच्या मांडीचं हॅम विकलं जायचं, खांद्याचं मांस मात्र हाडापासून सोडवायला किचकट आणि गिऱ्हाईक कमी. ते खांद्याचं मांस हॅमसोबत बारीक करून, मीठ, साखर आणि सोडियम नायट्राइट घालून डब्यात बंद करून डब्यासकट शिजवलं. शीतकपाटाशिवाय टिकणारं मांस तयार झालं. दोनच वर्षांत युद्ध पेटलं आणि हा डबा सैन्यामागोमाग जगभर गेला.

ब्रिटनमध्ये तो अमेरिकेच्या युद्धकाळातल्या मदतीतून आला. तिथे मांसावरचं रेशनिंग जुलै १९५४ मध्ये उठलं, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर. तोवर एक पिढी पिठात घोळून तळलेल्या स्पॅमवर वाढली होती आणि तिला त्याचा वीट आला होता. १९७० साली ‘मॉन्टी पायथन’च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका उपाहारगृहाचं प्रहसन आलं, ज्यात प्रत्येक पदार्थात स्पॅम आहे आणि नको म्हणणाऱ्या बाईला सुटका नाही. नको असताना माथी मारल्या जाणाऱ्या ई-मेलला आज आपण जे नाव देतो ते तिथून आलं. डब्यातल्या मांसाची ही पहिली आठवण, कंटाळ्याची.

दक्षिण कोरियात तोच डबा आला, पण मदत म्हणून घरोघर वाटला गेला नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धाने देश उद्ध्वस्त झालेला, मांस दुर्मीळ, आणि अमेरिकन तळांच्या तारेपलीकडे डब्यांचे ढीग. तळावरच्या भोजनगृहातलं उष्टं-खरकटं बाहेर यायचं, ते पुन्हा उकळून त्याची पेज व्हायची. ती पेज डुकरांच्या नावाने ओळखली जायची, आणि तिच्यात सिगारेटची थोटकं सापडल्याच्या आठवणी त्या पिढीने सांगितल्या आहेत. तळावरचा न उघडलेला डबा बाहेर विकणं बेकायदा होतं. तो काळ्या बाजारात मिळायचा. सोलच्या उत्तरेला उइजोंगबू शहरात, तळांच्या शेजारी, सॉसेज, हॅम, स्पॅम, किमची आणि मिरचीची आंबवलेली चटणी एकत्र उकळून एक रस्सा तयार झाला. ‘बुदे जिगे’ म्हणजे लष्करी छावणीचा रस्सा. आज उइजोंगबूमध्ये त्या रश्शाच्या खानावळींची अख्खी गल्ली आहे आणि पर्यटक तिथे रांगा लावतात. स्पॅम १९८७पासून कोरियातच परवान्याने तयार होतं, आणि चुसोकच्या, म्हणजे शरदातल्या मोठ्या सणाच्या वेळी, आपण दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतो तसे तिथे स्पॅमचे सजवलेले संच भेट दिले जातात. ब्रिटनमध्ये ज्याची टवाळी झाली ते इथे नातेवाइकांना द्यायचं देणं झालं. मांस तेच, मीठ तेच. फरक एवढाच की एकीकडे ते ताटात टाळता येत नव्हतं आणि दुसरीकडे तारेच्या कुंपणापलीकडे होतं.

तिसरी आठवण हवाई बेटांची. तिथे ते भाताच्या मुटक्यावर ठेवून, समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळून, पेट्रोलपंपावरसुद्धा विकलं जातं. त्यात ना लाज आहे ना मिरवणं, रोजचा नाश्ता आहे. उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबायला आणलेल्या जपानी, फिलिपिनो, चिनी मजुरांच्या वंशजांच्या स्वयंपाकात तो डबा मुरला.

पॅसिफिकमध्ये आणखी दक्षिणेला गेलं की या गोष्टीला वेगळीच कळा येते. अमेरिकेत टर्कीच्या शेपटीचा चरबीने भरलेला तुकडा फारसं कुणी खात नाही. तो सामोआला जायचा. न्यूझीलंडमधल्या मेंढीच्या पोटाकडचं चरबीदार मांस फिजी, टोंगा, पापुआ न्यू गिनीला जायचं. लोकांचं वजन आणि आजार वाढताना पाहून फिजीने २००० साली मेंढीच्या त्या मांसावर, आणि सामोआने २००७ साली टर्कीच्या शेपटीवर बंदी आणली. सामोआला जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं होतं. ही बंदी व्यापारातला अडथळा ठरली आणि ती २०१३ साली उठवावी लागली. श्रीमंत देशाने नाकारलेला तुकडा गरीब देशाने नाकारायचं ठरवलं, तर त्याला तसं करू दिलं गेलं नाही. स्वस्त मांसाचं कौतुक करणाऱ्याने ही एक घटना खिशात ठेवून फिरावी.

हलक्याचं भारी कसं होतं

रोमच्या टेस्ताच्चो भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि १९७५ साली बंद झाला. तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग आतडी, शेपट्या, पोट यांच्या रूपाने मिळायचा. चार हिस्से ऐपतदारांना गेल्यावर उरतो तो पाचवा हिस्सा, असं त्या मांसाला म्हणतात. समोरच्या खानावळी ते शिजवून देत. शेपटीचा तो रस्सा आज रोमच्या अभिमानाचा पदार्थ आहे, कत्तलखान्याच्या इमारतीत कलादालन आहे, आणि मजुरीत शेपटी घेणारा माणूस त्या भागात राहायला परवडेल अशी स्थिती नाही. टेक्सासमध्ये गुरं राखणाऱ्या मेक्सिकन गड्यांना मजुरीत मिळणारा पोटाखालचा चिवट पट्टा ‘फाहिता’ म्हणून हॉटेलांत गेला आणि त्याचा भाव चढला. कोंबडीचे पंख सूपसाठी ठेवायचे. १९६४ साली बफेलो शहरातल्या एका बारमध्ये ते तळून तिखट सॉसमध्ये घोळले गेले आणि पुढे त्यांनी छातीच्या मांसाशी भावात बरोबरी केली. १९९४ साली लंडनच्या मांसबाजाराजवळ फर्गस हेंडरसन यांनी ‘सेंट जॉन’ हे रेस्टॉरंट काढलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत सगळं खाणं हा सुसंस्कृतपणा ठरला.

यामागचं कारण साधं आहे आणि त्याला दुष्ट माणसाची गरज नाही. बकऱ्याला चार पाय, एक मुंडी, एक काळीज. पायाची मागणी दुप्पट झाली म्हणून बकऱ्याला आठ पाय फुटत नाहीत, आणि नुसत्या पायांसाठी बकरी कुणी पाडत नाही. मांडीचा खप वाढला तरच पाय वाढतात. म्हणून हलक्या भागाला शौकीन मिळाले की त्याचा भाव झपाट्याने चढतो, आणि ज्याच्यासाठी तो रोजचा होता तो ब्रॉयलरकडे वळतो. नागपुरात हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्या घरांतून सावजी खानावळी निघाल्या. माग आणि गिरण्यांवर राबणाऱ्यांच्या या जेवणात खूर आणि मुंडीला जागा होती, कारण तेच परवडत होतं. आज सावजीच्या नावाने पुण्या-मुंबईत हॉटेलं चालतात आणि त्यांच्या पायाच्या ताटलीचा दर पाहून एखादा विणकर परत फिरेल. मुंबईच्या बोहरी मोहल्ल्यातली खिरी, म्हणजे कास, आणि गुर्दा, मोहम्मद अली रोडवरची नळी निहारी, यांचीही हीच वाट. रमजानच्या रात्री तिथे फिरायला जाणं ही आता पर्यटनाची सोय आहे.

महाडनंतर

आता वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्यांकडे. मराठी मुलखात मांसाचा सगळ्यात स्वस्त भाग कुठला, याचं खरं उत्तर वजरी नाही. मेलेल्या जनावराचं मांस हे ते उत्तर आहे. गावातली मेलेली गुरं ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं, आणि मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जायचा. पैसा द्यायचा नाही, मांस द्यायचं, आणि मग ते खातात म्हणून त्यांना अस्पृश्य म्हणायचं, असा तो बंदोबस्त. एकदम आलेलं एवढं मांस टिकवायचं म्हणून त्याच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून चान्या करत. पावसाळ्यात काम नसताना त्याच चान्या निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून पोट चालायचं. दया पवारांच्या ‘बलुतं’मधून १९७८ साली हे जग पांढरपेशा मराठी वाचकासमोर आलं आणि तो दचकला.

मार्च १९२७च्या महाडच्या परिषदेत चवदार तळ्याकडे निघण्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना जे सांगितलं, त्यात मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, हे होतं. त्यानंतर गावोगाव महारांनी गुरं ओढायचं काम नाकारलं. त्याची किंमत बहिष्काराने आणि मारहाणीने मोजली. एका अख्ख्या समाजाने जगण्याचा सगळ्यात स्वस्त प्रथिनांचा साठा ठरवून, भुकेला न जुमानता, टाकून दिला. कारण त्या मांसाची व्यवस्था त्यांना मांसाहून जास्त स्पष्ट दिसत होती. चवीच्या आठवणींवर लिहिणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. ज्यांनी सर्वांत जास्त खाल्लं, त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. त्यांनी ठराव केला.

आणि तरीही चव होती, कसब होतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं खाणं त्यांनी पदार्थागणिक नोंदवलं: रक्ती कशी गोठवायची, वजरी कशी, चान्या कशा. त्याआधी, २००९ साली, पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या अन्नाच्या आठवणी गोळा करून त्यांचं पुस्तक केलं. या पुस्तकांत पाककृती आणि अपमान शेजारी-शेजारी बसलेले आहेत. चव सांगताना ती कुणामुळे वाट्याला आली हेही सांगितलं जातं. स्वस्त मांसाची आठवण प्रामाणिकपणे लिहायची तर ती अशीच लिहिता येते, असं मला वाटतं.

त्याच २०१५च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू कापण्यावर बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा कायम ठेवला, परराज्यात कापलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली. म्हशीचं मांस चालतं. म्हणजे एका घरातली पायाची आठवण मेन्यूकार्डावर छापली जाते आणि दुसऱ्या घरातली चान्यांची आठवण वकिलाला विचारून काढावी लागते.

‘पण चव तर खरी होती ना?’

यावर पहिला आक्षेप ठरलेला. प्रत्येक घासात जात आणि गरिबी शोधायची असेल तर जेवायचं कधी? आई-आजीच्या हातचं आठवून कुणाला बरं वाटत असेल तर त्यात विघ्न कशाला? मला हा आक्षेप मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. चव खरी होती. मीठ-मिरची आणि वाटलेल्या तिळाच्या जोरावर वजरीला जी गोडी आणली जायची ती कुठल्याही शेफच्या कामाइतकी अवघड होती. गरिबांना चव कळत नव्हती, ते नाइलाजाने गिळत होते, असं म्हणणं हाही अपमानच. गोव्यातलं सोरपोतेल पाहा. डुकराचं काळीज, हृदय, रक्त, सगळं बारीक कापून व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, नाताळात दोन-तीन दिवस पुन्हापुन्हा गरम करून खातात आणि दर दिवशी ते आणखी चांगलं लागतं. ते कधीही केवळ नाइलाज नव्हतं. सणाचा पदार्थ होता. पण माझा मुद्दा चव खोटी ठरवण्याचा नाहीच. चव खरी म्हणून ती परिस्थितीही बरी होती, ‘तेव्हा गरिबीतही माणसं मजेत खात होती’, असं जे अलगद सुचवलं जातं त्याला माझा विरोध आहे. मजेत कोण खात होतं आणि नळाखाली कोण बसलं होतं, ही दोन वेगळी माणसं असायची.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा. जनावर मारलंच आहे तर सगळं खावं, फेकू नये. म्हणून या पदार्थांचं पुनरागमन स्वागतार्ह. ज्या देशांत शेपट्या आणि काळजं कारखान्यातून खताकडे जात होती तिथे हे खरं आहे. महाराष्ट्रातल्या बकऱ्याचं मात्र काहीच वाया जात नव्हतं. मुंडी, पाय, रक्त, आतडी, चरबी सगळ्याला खाणारा होता. शौकिनांनी इथे वाचवलं काही नाही, फक्त खाणारा बदलला. पोषणाच्या नावानेही हेच चालतं. काळजात लोह आणि जीवनसत्त्व अ भरपूर, म्हणून डॉक्टर रक्त कमी असलेल्या बाईला कलेजी सांगतात. ती बाई दुकानात जाते तेव्हा कलेजी आदल्या दिवशीच बुक झालेली असते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाव चढला तर बरंच झालं की, ज्या समाजांचं हे खाणं, त्यांच्या खानावळींना पैसा मिळू दे, लाजेच्या जागी अभिमान येऊ दे. उइजोंगबूमध्ये काही अंशी हे झालं, नागपुरातही झालं. हा फायदा मी नाकारत नाही. पण पैसा कुठल्या टप्प्यावर थांबतो ते पाहावं लागतं. पायाच्या ताटलीचा दर तिप्पट झाला, मुंडी भाजणाऱ्याची नगाची मजुरी तिप्पट झालेली दिसत नाही. आता साफ केलेली वजरी पिशवीबंद मिळू लागली आहे, घरपोच येते; पिशवीवर वजन, तारीख, कंपनीचा पत्ता सगळं असतं. खरवडणाऱ्या हातांना काय मिळालं, हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून पाककृती छापणाऱ्या संपादकांना आणि चॅनेल चालवणाऱ्यांना एक विनंती. ‘साहित्य: स्वच्छ केलेली वजरी अर्धा किलो’ अशी सुरुवात करू नका. चुना, गरम पाणी, काडी आणि दीड-दोन तास हेही साहित्यात लिहा, आणि वजरी साफ करून विकत आणली असेल तर साफ करणाऱ्याची मजुरी किती पडली तोही आकडा खाली छापा.